शाळेत लेकराला लागलं, तर पहिली दहा मिनिटं कोणाची?

वाचकांचे प्रश्न

शाळेतल्या अपघातांबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून पत्रं आली. पालकांच्या पत्रांत संताप आहे, शिक्षकांच्या पत्रांत भीती आहे, आणि दोघंही एकाच गोष्टीबद्दल लिहितात: मूल पडलं आणि मोठी माणसं वाट बघत बसली. कधी पालकांची, कधी शाळा सुटण्याची, कधी 'आपोआप बरं वाटेल' याची. प्रत्येक पडणं काही टाळता येत नाही. ही वाट बघणं मात्र टाळता येतं. पत्रांतली मुलांची आणि शाळांची नावं आम्ही काढून टाकली आहेत.

माझा मुलगा पहिलीत आहे. मधल्या सुट्टीत घसरगुंडीवरून हातावर पडला. बाईंनी बोटं हलवायला सांगितली. 'हलतात, म्हणजे मोडलेलं नाही' असं म्हणून कोपराला क्रेप बँडेज घट्ट बांधलं, चहा-बिस्कीट दिलं आणि वर्गात बसवलं. शाळा सुटल्यावर रिक्षातून उतरला तेव्हा बोटं गार आणि पांढरट पडली होती. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं, रात्री ऑपरेशन झालं. बाईंनी मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. पण नेमकं चुकलं कुठं?
— एक आई, जुळे सोलापूर

तुमच्या पत्रातली प्रत्येक गोष्ट अनेक शाळांत रोज होते, म्हणून सविस्तर लिहितो.

बोटं हलणं हा हाड शाबूत असल्याचा पुरावा नाही. बोटं हलवणारे स्नायू मुख्यतः कोपराच्या खाली असतात. कोपराच्या वर दंडाचं हाड मोडलं तरी ते स्नायू ओढले जातात आणि बोटं हलतात. लहान मुलांचं हाड पुष्कळदा हिरव्या काडीसारखं एका बाजूनं चिरतं आणि वाकतं, कटकन तुटत नाही. त्यामुळे हात वेडावाकडा दिसेलच असंही नाही. खरी खूण वेगळीच असते. मूल तो हात वापरायचं सोडतं, दुसऱ्या हातानं तो धरून ठेवतं, एका ठरावीक जागी दाबलं की दचकतं. पाच-सहा वर्षांच्या मुलानं पडल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनीही डबा उघडायला तो हात वापरला नाही, तर एक्स-रे निघेपर्यंत हाड मोडलंय असंच समजून वागायचं.

पसरलेल्या हातावर पडून कोपराच्या वरचं हाड मोडणं हे पाच ते सात या वयात फार आढळतं. त्या जागेवरून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि तीन नसा जातात. मोडलेल्या हाडाच्या टोकानं त्या दाबल्या जाऊ शकतात. त्यातच सूज वाढत असते. अशा सुजणाऱ्या कोपराला बाहेरून क्रेप बँडेज करकचून बांधलं की आतला दाब वाढतो आणि खालच्या स्नायूंना रक्त पोचेनासं होतं. हे काही तास तसंच राहिलं तर स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. पत्रातलं 'बोटं गार आणि पांढरट' हे वाक्य वाचून आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. क्रेप बँडेज वाईट नाही, घोटा मुरगळला तर उपयोगी पडतं. ताज्या मोडलेल्या कोपरावर त्याला जागा नाही.

चहा-बिस्किटानं वेळ वाया गेला. भूल देण्याआधी घन पदार्थ पोटात जाऊन साधारण सहा तास व्हावे लागतात. जीव किंवा हात धोक्यात असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, पण भरल्या पोटी भूल देणं जोखमीचं असतं. मूल रडतं म्हणून त्याच्या तोंडात काहीतरी घालावंसं वाटतं, ते प्रेमापोटीच असतं. तरीही हाड मोडल्याची शंका असेल तर चहा नाही, ग्लुकोज बिस्कीट नाही, पोषण आहाराची खिचडीही नाही. मुलानं शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्यायचं.

मग करायला काय हवं होतं? मुलाला पडल्या जागीच बसवायचं. दुखऱ्या हाताला धरून उठवायचं नाही. बांगडी, कडं, धागा, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. हात ज्या कोनात आहे त्याच कोनात राहू द्यायचा. कोपर काटकोनात वळवून झोळीत घालायचा हट्ट करू नये. झोळी मनगटाच्या मोडीला चालते, कोपराच्या नाही. कोपर सरळ असेल तर घडी घातलेला टॉवेल किंवा दप्तर खाली ठेवून हात त्यावर टेकवायचा. मनगटाकडे दुखत असेल तर जाड पुठ्ठा किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्र कोपरापासून तळहातापर्यंत खालून लावून ओढणीच्या दोन पट्ट्यांनी बांधायचं. पट्टीखाली एक बोट सहज जायला हवं.

यानंतर मुलाला दगड, कागद, कात्री हा खेळ करायला लावायचा आणि शेवटी अंगठा व पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगायचं. मूठ, उघडा पंजा, दोन बोटांची कात्री आणि गोल, यांतून तिन्ही नसांची चाचणी होते. 'हाड मोडलेलं नाही' हे त्यातून कळत नाही, नसा काम करतायत एवढंच कळतं. एखादी कृती जमत नसेल तर तेही चिठ्ठीवर लिहायचं. मग एक नख दाबून सोडायचं. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. उशीर लागला, बोटं गार पडली, किंवा बोट हळूच सरळ करताना मूल किंचाळलं, तर बांधलेलं सगळं ढिलं करून लगेच सिव्हिलच्या अपघात विभागात किंवा जवळच्या अस्थिरोग रुग्णालयात न्यायचं. तेल चोळणारा किंवा हाड बसवणारा वैद्य गाठू नये. चोळल्यानं मोडलेली टोकं सरकतात.

हे सगळं करायला दहा मिनिटं पुरतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती दहा मिनिटं कोणाकडेच नव्हती, आमच्या मते चूक तिथे आहे.

आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. मूल जखमी झालं की पहिला विचार येतो, हात लावला आणि काही बिघडलं तर गाव मलाच धरेल, नोकरीवर येईल. शाळेला गाडी नाही. एक शिक्षक गेला तर सगळे वर्ग एकावर. अशा वेळी पालक येईपर्यंत थांबणंच सुरक्षित नाही का?
— एक शिक्षिका, अक्कलकोट तालुका

ताई, भीती समजते, पण कायद्याच्या बाजूनं बघितलं तर थांबणंच जास्त धोक्याचं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून दुर्लक्ष करून मुलाला विनाकारण यातना होऊ दिल्या तर शिक्षा आहे. त्यात 'जाणूनबुजून' याला महत्त्व आहे. प्रामाणिकपणे प्रथमोपचार करताना राहिलेली उणीव त्यात बसत नाही. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं कलम ९२, असं सांगतं की पालकांची संमती वेळेत मिळणं शक्य नसेल आणि तुम्ही मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेनं काही केलं, तर तो गुन्हा ठरत नाही. तुम्ही शस्त्रक्रिया करत नाही आहात. रक्त दाबून धरणं, हात स्थिर करणं, रुग्णवाहिका बोलावणं याला कोणाची परवानगी लागत नाही.

आता माणसांचं. दोनशिक्षकी शाळेत कामं आधी वाटून ठेवलेली नसतील तर प्रसंगी दोघंही मुलाभोवती जमतात आणि फोन कोणीच करत नाही. एक शिक्षक मुलाजवळ, त्यानं तिथून हलायचंच नाही. दुसरा फोनवर आणि वर्गांवर. वर्ग सांभाळायला पोषण आहाराच्या स्वयंपाकी मावशी किंवा आवारातल्या अंगणवाडीच्या सेविका यांना आधीच विचारून ठेवायचं. आयत्या वेळी 'जरा बघता का' म्हणण्यात पाच मिनिटं जातात. गावातल्या तीन गाडीवाल्यांचे नंबर ऑफिसच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवा. कागद उडून जातो, मोबाइल बंद पडतो.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर घाबरून 'लवकर या' एवढंच सांगितलं जातं आणि गाडी शेजारच्या गावात जाते. आधी गाव, तालुका, रस्त्यावरची ठळक खूण. मग मुलाचं वय, शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, रक्त थांबलंय का. फोन तुम्ही आधी ठेवू नका. एक मोठा मुलगा किंवा गावकरी फाट्यावर उभा करा.

गाडीची वाट कधी बघायची आणि मिळेल त्या वाहनानं कधी निघायचं, हा खरा अवघड निर्णय. हात मोडला, जखम झाली, दात पडला, मूल शुद्धीवर आहे: मिळेल त्या चारचाकीनं किंवा रिक्षानं निघा, चालवणारा वेगळा आणि मुलाला धरणारा वेगळा. झाडावरून किंवा गच्चीवरून पडलं, मान-पाठ दुखतेय, हातापायाला मुंग्या येतात किंवा हलवता येत नाहीत: हलवू नका. डोकं दोन्ही तळहातांत स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट बघा. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगानं दाबायला सुरुवात करा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. डोक्याला मार लागलेल्या मुलाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं आमच्याकडच्या गावांत सर्रास चालतं. वाटेत ते गळून पडलं किंवा झटका आला तर धरणाऱ्याला काहीच करता येत नाही. हे कृपा करून थांबवा.

आम्ही दोघंही कामावर असतो. मी यंत्रमागावर, बायको विडी कारखान्यात. मुलीच्या कपाळाला बाकाचा कोपरा लागून रक्त आलं. शाळेनं बरेच फोन केले म्हणे, मागाच्या आवाजात मला ऐकू आले नाहीत. दीड तास पोरगी रुमाल धरून ऑफिसबाहेर बसली होती. 'पालकांशिवाय दवाखान्यात नेता येत नाही' असं सांगितलं. खरं आहे का?
— एक वडील, अक्कलकोट रोड

खरं नाही. दवाखान्यात नेण्यासाठी, जखम धुऊन टाके घालण्यासाठी, एक्स-रेसाठी पालक समोर असायलाच हवेत असा नियम नाही. नियोजित शस्त्रक्रियेला आणि भुलीला पालकांची सही हवी असते, पण तातडीची वेळ असेल तर डॉक्टर त्यासाठीही अडून बसू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की जखमी माणसावर आधी उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. 'पोलिस केस होईल' ही शाळेची भीतीही इथंच संपायला हवी.

कपाळाची आणि डोक्याची कातडी रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, म्हणून लहानशा चिरेतूनही भळभळ रक्त येतं. बघणारा घाबरतो, पण दाब दिला की ते थांबतं. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहातानं घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटं दाबायचं. दर मिनिटाला उचलून बघितलं की नुकती धरू लागलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर ते न काढता त्यावर दुसरं ठेवायचं. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातात रुमाल देऊन हे होत नाही, तिचा हात दोन मिनिटांत सैल पडतो. मोठ्या माणसानंच धरायला हवं.

सोलापुरात ही अडचण घरोघरी आहे. मागाच्या खात्यात फोन ऐकू येत नाही, विडी कारखान्यात तो पिशवीत असतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच, आणि दर जूनमध्ये नव्यानं, शाळेनं तीन नंबर घ्यावेत: पालकांचा, कामाच्या ठिकाणच्या मुकादमाचा किंवा मालकाचा, आणि दिवसा घरी असणाऱ्या शेजाऱ्याचा किंवा आजी-आजोबांचा. सोबत एक संमतिपत्र: 'आम्हाला संपर्क झाला नाही तर शाळेनं मुलाला नजीकच्या रुग्णालयात न्यावं व प्राथमिक उपचार करून घ्यावेत.' त्यावरच औषधाची अ‍ॅलर्जी, फिट्स, दमा, हृदयाचा आजार, चालू असलेली औषधं आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते लिहावं. रक्तगट सगळे हौसेनं लिहितात, पण रुग्णालय तो स्वतः तपासल्याशिवाय रक्त देत नाही. अ‍ॅलर्जीची नोंद त्याहून कामाची.

शाळेसाठी फोनचा नियमही ठरवून टाकावा: दोन नंबर, प्रत्येकी दोनदा. लागला नाही तर निघायचं, आणि रस्त्यात फोन चालू ठेवायचा.

बारा वर्षांचा खेळाडू कबड्डीच्या सरावात डोक्यावर आपटला. काही क्षण गोंधळला, 'सर, स्कोर किती?' हेच तीनदा विचारलं. मग ठीक वाटला म्हणून पुन्हा खेळवला. संध्याकाळी घरी दोनदा ओकला. आता बरा आहे. मैदानावर ओळखायचं कसं?
— क्रीडाशिक्षक, बार्शी

सर, तोच प्रश्न तीनदा विचारणं हीच खूण होती. मेंदूला हादरा बसल्याचं यापेक्षा स्पष्ट लक्षण मैदानावर मिळत नाही. शुद्ध हरपली नाही म्हणजे हादरा नाही, हा गैरसमज फार पक्का आहे. बहुतेक हादऱ्यांत शुद्ध हरपतच नाही. गोंधळ, रिकामी नजर, तोल जाणं, 'डोळ्यांपुढे अंधारी आली' असं म्हणणं, आधीचा डाव न आठवणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशीचा खेळ संपला. 'आता बरं वाटतंय' म्हटलं तरीही. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर सूज फार वेगानं वाढू शकते. खेळाडू मूल स्वतःहून कधीच सांगणार नाही, त्याला संघातून बाहेर व्हायचं नसतं. निर्णय तुमचाच.

दुसरा धोका कवटीच्या आत हळूहळू साचणाऱ्या रक्ताचा. त्यात मूल मधले काही तास अगदी चांगलं बोलतं, चालतं आणि मग झपाट्यानं ढासळतं. म्हणून डोक्याला जोराचा मार लागलेल्या मुलाला शेवटच्या बाकावर 'झोप जरा' म्हणून सोडून द्यायचं नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी एका ठरलेल्या माणसानं त्याच्याशी बोलायचं: नाव, वर्ग, आज वार कोणता. वेळ आणि उत्तर वहीत लिहायचं. झोप लागली तर चालते, पण हाक मारल्यावर सहज उठायला हवं.

पुढचं काहीही दिसलं तर निरीक्षण बंद आणि थेट रुग्णालय: काही क्षण का होईना शुद्ध हरपली, एकाहून अधिक उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवायला अवघड जाणं, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं पाणी येणं. पाच फुटांहून उंचावरून पडलं असेल तर लक्षण नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं. सिटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय कोणतं, हे क्रीडाशिक्षकाला आधीच माहीत असायला हवं. लहान दवाखान्यात नेऊन तिथून पुढं पाठवण्यात मौल्यवान वेळ जातो. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका.

घरी पाठवताना लेखी चिठ्ठी सक्तीची: किती वाजता, कुठे, कसं लागलं, शाळेत काय दिसलं, आणि वर दिलेली धोक्याची लक्षणं. तुमच्या खेळाडूच्या घरी अशी चिठ्ठी असती तर दोन उलट्या झाल्यावर ते रात्रीच निघाले असते. 'जेवण बाधलं असेल' असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे, त्यांना डोकं आपटल्याचं माहीतच नसतं. खेळ परत सुरू करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. आधी वर्गात डोकं न दुखता पूर्ण दिवस बसता यायला हवं.

नातीचा पुढचा दात खो-खो खेळताना मुळासकट निघाला. ती नऊ वर्षांची आहे. बाईंनी दात नळाखाली घासून धुतला, कागदात बांधून दप्तरात ठेवला. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला. दात वाचला असता का?
— एक आजोबा, भवानी पेठ

शक्यता चांगली होती. नऊव्या वर्षी पुढचे दात कायमचे असतात. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, तोच दाताला पुन्हा धरून ठेवतो. घासल्यानं तो निघतो आणि कागदात तो साधारण अर्ध्या-एक तासात सुकून मरतो.

दात पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दहा सेकंद हलकेच खंगाळायचा. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर मोठ्या माणसानं तो खाचेत सरळ बसवून मुलाला रुमाल चावायला द्यायचा. धीर होत नसेल तर दात लहान डब्यात दुधात बुडवायचा. दूध गार असेल तर उत्तम, नाहीतर चहासाठी आणलेलं न तापवलेलं दूधही चालेल. दंतवैद्याकडे अर्ध्या तासाच्या आत. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवायचा नसतो, त्यानं खालच्या कायमच्या दाताला इजा होते. नक्की कोणता ते कळत नसेल तर दुधात टाकून न्या, ठरवणं दंतवैद्यावर सोडा.

शाळेत ३०० मुलं आहेत. प्रथमोपचार पेटी आहे, पण ती तपासणीच्या दिवशीच उघडते. नेमकं काय आणि किती ठेवावं?
— मुख्याध्यापक, पूर्व भाग, सोलापूर

आधी पेटीला कुलूप असेल तर ते काढा. किल्ली तुमच्या खणात आणि तुम्ही शिक्षण खात्याच्या बैठकीला, हे नेहमीचं आहे.

एवढ्या मुलांसाठी: १० सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉजचे चौकोन २०, पाच आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या गुंडाळी पट्ट्या प्रत्येकी सहा, त्रिकोणी कापड चार, चिकटपट्ट्या ५०, कागदी चिकटपट्टीची दोन रिळं, सलाइनच्या १०० मिलिलिटरच्या सहा बाटल्या (५०० ची उघडली की उरलेली फेकावीच लागते), हातमोज्यांचा एक डबा, बोथट टोकाची कात्री, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, साबण, एक लिटर पाण्यात घालायची ओआरएसची दहा पाकिटं, जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, झाकणाचा छोटा डबा दातासाठी, आणि दोरीनं बांधलेली वही-पेन. मैदानावर न्यायला यातलाच थोडा भाग एका पिशवीत वेगळा.

काढून टाकायचं ते: स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, बोरिक पावडर, खुला कापूस आणि सगळ्या गोळ्या. पहिली दोन जखमेतल्या निरोगी पेशीही मारतात, कापसाचे तंतू जखमेत अडकतात. साध्या खरचटण्याला वाहतं पाणी आणि साबण यांहून चांगलं काही नाही. पाकीट फाटलेलं गॉज निर्जंतुक राहत नाही, तारीख शिल्लक असली तरी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका शिक्षकानं सही करून पेटी तपासावी. तुमच्या भागात पुष्कळ मुलं घरी तेलुगू बोलतात. दुखण्यात मूल घरच्याच भाषेत बोलतं, तेव्हा ती भाषा येणाऱ्या शिपाई-मावशींना किंवा वरच्या वर्गातल्या भावंडाला मुलाजवळ बसवा. कुठे दुखतंय ते लवकर कळतं.

थोडक्यात

*घोळणा फुटला तर डोकं मागे करायचं ना?* (मोहोळ) नाही, रक्त घशात जाऊन उलटी होते. बसवून पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग धरा, तोंडानं श्वास घ्यायला सांगा. दोनदा करूनही थांबलं नाही तर रुग्णालय. उन्हाळ्यात सकाळच्या शाळेतही हे वारंवार दिसतं.

*खिचडी सांडून भाजलं, टूथपेस्ट लावली. चालेल?* (सांगोला) नाही. बर्फही नको. नळाचं साधं पाणी वीस मिनिटं, मग स्वच्छ ओलसर कापड. बांगड्या आधी काढा, फोड फोडू नका. मुलाच्या तळहाताहून मोठा भाग भाजला, किंवा चेहरा, हात वा जांघ भाजली, तर रुग्णालय.

*फिट आली तर चमचा, कांदा, चप्पल?* (शेळगी) काहीच नको. वेळ बघा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून लांबली किंवा पहिलीच फिट असेल तर १०८.

*परिपाठात मुलगी चक्कर येऊन पडली, लगेच पाणी पाजलं.* (विजापूर रोड) पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतः ग्लास धरेपर्यंत पाणी नको, ठसका लागतो. सावलीत आडवं करून पाय फूटभर वर. अंग तापलेलं असेल आणि बडबडत असेल तर ती साधी चक्कर नाही, उष्माघात आहे. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

*शाळेच्या दगडी कुंपणात विंचू आहेत.* (मंगळवेढा) दंशानंतर दरदरून घाम, गार हातपाय किंवा उलट्या म्हणजे विष हृदयावर जातंय. नुसत्या वेदनेवर अवलंबून राहू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं जाऊ लागलं. ते लवकर मिळणं महत्त्वाचं. चिरा देणं, आवळून बांधणं नको.

शाळेनं दुर्लक्ष केलं तर तक्रार कुठे? आणि खर्चाला काही मदत मिळते का?
— जुळे सोलापूर, अक्कलकोट रोड आणि इतर तीन पत्रं

पहिलं पत्र मुख्याध्यापकांना, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. आरोप करण्याआधी माहिती मागा: किती वाजता लागलं, कोण हजर होतं, काय केलं, पहिला फोन कधी केला. अपघाताची लेखी नोंद असेल तर तिची प्रत. सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्या, कारण जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. रुग्णालयाचे कागद, एक्स-रे, बिलं मूळ तुमच्याकडे ठेवा.

उत्तर नाही आलं तर शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे तिथे नियम बदलून घेता येतो. एकट्या बाईंना शिक्षा व्हावी यापेक्षा वरच्या तीन नंबरांचा आणि संमतिपत्राचा ठराव करून घेणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. त्यापुढे ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेच्या शाळांसाठी तिथलं शिक्षण खातं. मारहाण झाली असेल किंवा जखमी मुलाला जाणूनबुजून तसंच ठेवलं असेल तर पोलिस ठाणं किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

मदतीसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२२ मध्ये रकमा वाढल्या: अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास एक लाख, एक अवयव किंवा डोळा गेल्यास ७५ हजार, आणि अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष खर्च, कमाल एक लाख. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. म्हणूनच पहिल्या दिवशीची शाळेची लेखी नोंद इतकी महत्त्वाची. त्या नोंदीत वेळ आणि जागा नसेल तर पुढचे कागद अडतात. जुळे सोलापूरच्या ताईंनी शस्त्रक्रियेचं बिल, डिस्चार्ज कार्ड आणि शाळेची नोंद घेऊन हा अर्ज याच महिन्यात द्यावा.